चार गावं, एक पंखा

सोमवार, ३

दादा दुपारी वर्कशॉपवर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "माझा फ्लॅट काढायचाय. गिऱ्हाईक बघ. शुक्रवारच्या आत इसार हातात पाहिजे."

मी एका मोटरच्या वाइंडिंगला बसलो होतो, तार हातातून सुटली. निवृत्त ड्राफ्ट्समन, एकटा माणूस, फ्लॅट विकून राहणार कुठे? तर फोन काढून दाखवला. कसल्याशा ॲपवर क्रिप्टोत नऊ लाख घातलेत. सहा महिन्यांत एकेचाळीस झाले – दिसतात तरी तसे, हिरव्यागार आकड्यांत. पण काढायचे तर आधी सहा लाख 'कर' भरायचा. शुक्रवारी मुदत संपते, नाहीतर खातं गोठणार.

"मग त्या एकेचाळीसातूनच कापून घ्या म्हणावं की."

"नियमात बसत नाही. ॲपवाल्या मॅडमनी सांगितलंय. तू सातवी पास, तुला नाही कळायचं."

सातवी पास खरा. पण माझ्या पहिल्या गाळ्याचं भाडं वर्षभर याच माणसाच्या पगारातून गेलं. त्याला 'तू फसलास' असं कुठल्या तोंडाने सांगू?

मंगळवार, ४

सांगितलंच, आणि तेही वाकड्यात. संध्याकाळी घरी चहाला आला होता. म्हटलं, "दादा, वर्कशॉपात एक जळकी मोटर पडलीय. मॅडमना विचार, तिच्यात गुंतवतात का. सहा महिन्यांत कारखाना होईल." हसण्यावारी न्यायला गेलो आणि बिनसलं. कप तसाच ठेवून उठला.

बायको म्हणाली, "प्रत्येक गोष्टीची चेष्टा केलीच पाहिजे का हो?"

बुधवार, ५

तीनदा फोन केला. उचलत नाही.

गुरुवार, ६

वर्कशॉप बंद ठेवून सकाळीच त्याच्याकडे. दारातच विचारतो, "काय, मोटर विकायला आलास?" टेबलावर फ्लॅटचे कागद क्रमाने लावलेले, कडेला कडा जुळवून. एजंट पाच वाजता येणार होता.

आधी माफी मागितली. मग म्हटलं, "मला नीट दाखव तरी. काय बोलतात ती माणसं?" तेवढ्याने खुलला. ॲपवाल्यांचा फोनवर एक गट आहे, त्यात दोनशे जण. रोज कुणी ना कुणी आवाज रेकॉर्ड करून टाकतो – मला एवढे मिळाले, मॅडमचे उपकार. एक निवृत्त मास्तर, डोंगरातल्या गावचा. एक नर्स, समुद्राकाठची. एक किराणावाला, कुठल्या कुठे. मग खुद्द मॅडम, 'मुख्य कार्यालयातून'.

मी डोळे मिटून ऐकत होतो.

"झोपलास?"

"मास्तर पुन्हा लाव."

मास्तरच्या बोलण्यामागे छताचा पंखा होता. बेअरिंग गेलेलं. चार फेऱ्या नीट, पाचवीला टक्, मग थोडी घरघर. नर्सच्या मागे तेच. किराणावाल्याच्या मागे तेच. मॅडमच्या मागेही तेच! स्क्रूड्रायव्हर मोटरला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं कुठलं बेअरिंग गेलं – चौतीस वर्षं याच्यावर पोट भरतोय. दोन बेअरिंगं एकसारखी बिघडत नाहीत.

या वेळी चेष्टा नाही. त्याचा फोन त्याच्याच कानाला लावला. "बोलणं सोड. मागचं ऐक आणि मोज." काही कळेना त्याला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा बोट टेबलावर आपोआप पडायला लागलं – पाचव्याला. मग स्वतःच नर्सचा लावला. मग मॅडमचा.

फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे सगळी एकाच खोलीत बसलीत?"

"हो दादा."

"माझा वाढदिवससुद्धा लक्षात ठेवला होता रे तिने."

एजंटला त्यानेच फोन केला, येऊ नका म्हणून. मला म्हणाला, "घरी सांगू नकोस इतक्यात." नाही सांगत म्हटलं. नाही सांगितलं.

शुक्रवार, ७

बँक उघडायच्या आधी आम्ही दारात. मॅडमचे अकरा फोन येऊन गेले, एकही उचलू दिला नाही. घरी काय सांगितलं? पंपाचं काम आहे.

बँकेतली बाई तरुण पण जाणती. हसली नाही, उपदेश केला नाही. कधी, कुठल्या खात्यात, सगळं टिपून घेतलं. म्हणाली, "ॲप काढू नका, मेसेज पुसू नका, सगळ्याचे फोटो ठेवा आणि इथून थेट सायबर पोलिसांत जा. जुने पैसे पुढे गेले असतील. ताजे असले तर कधीकधी वाटेत अडवता येतात, तासांचा खेळ असतो." उठताना आणखी एक – "आता 'बुडालेले सोडवून देतो' म्हणणारे फोन येतील, थोडी फी मागतील. तीही तसलीच माणसं." दादाने ते आपल्या नकाशाच्या अक्षरात लिहून घेतलं.

पोलिसांत एकजण म्हणाला, "एवढे शिकलेले तुम्ही, काका?" मी उठणार होतो. दादाने माझा गुडघा दाबला. "हो, शिकलेला," म्हणाला, "पुढचं लिहा." पहिल्यापासून सगळं स्वतः सांगितलं.

रविवार, ९

दादा जेवायला आला आणि आपण होऊनच म्हणाला, "सांग रे यांना तुझ्या कानाची गंमत." मग काय! मास्तर, नर्स, मॅडम, सगळे आवाज काढले. टक्-घर्र सुद्धा. सून हसून हसून टेकली. दादाही हसला. नऊ लाखांचं काही खरं नाही, पण घर राहिलं. आज जेवण गोड लागलं.

सोमवार, १०

बायको वर्कशॉपवर आली. कधी येत नाही. मशीन बंद करेपर्यंत दारातच उभी, हातात फोन.

"माझेही गेलेत त्यात. चार महिने झाले."

हसू नाही आलं. मग बँकेतली बाई आठवली आणि विचारलं, "शेवटचे कधी पाठवलेस?"

"कर भरला. शुक्रवारी सकाळी. तुम्ही पंपाच्या कामाला गेला होतात तेव्हा."