आत ओढलेला आवाज

७ डिसें., मंचर
मेलेल्या मेंढपाळाचा आवाज अखेर सापडला. श्वास सोडत बोलायचंच नाही, आत ओढत बोलायचं. शब्द बाहेर न जाता आपल्यातच शिरतात. "हिर्रर्र... ये गं... माघारी ये..." वैशालीने रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणाली, "सर, सभेत एवढे कडाडता, कधी भीती वाटली नाही. ह्याची वाटली."
श्रुतिका तीन भागांची. दोन भाग भूत. तिसऱ्यात उसात बसून पाइपातून बोलणारा भोंदू पकडला जातो. आधी भ्यायला हवं, मगच लाज वाटेल. इतकी वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं ठोकून जे साधलं नाही, ते ह्याने साधेल.

१४ डिसें.
भाग १ व्हॉट्सॲपवर गावोगाव. जुन्नरच्या एसटी स्टँडवर एकाने गाठलं. "राव, आमची मंडळी बिबट्याला भ्येत नाय, तुमाला भ्याली." खूष.

१८ डिसें.
पेठच्या हौसाबाई आल्या. मेंढरं राखतात. दोन वर्षांमागे नवरा कळप घेऊन घाटाखाली गेला. मेंढरं परतली, तो नाही.
"तुमचं नाटक मोबाइलवर लावलं तर समदी मेंढरं उठून जाळीला भिडली. आमचं धनी आशीच वढून हाक मारायचं."
लहानपणी रस्त्याने जाणाऱ्या कळपामागची हाक माझ्या कानात राहिली असेल, समजावलं.
"आसंल."
मुलांना मेंढरं विकायचीत. बाईंच्याने होत नाही. "इकू का ठिवू, येवढंच त्या आवाजात सांगा."
"बाई, तो आवाज माझा आहे."
"ठावं हाय की. मी काय खुळी हाय व्हय? भूत काय मोबाइलात ऱ्हातंय?"
"मग मला का विचारता?"
"तुमाला कुठं इचारतीय?"

२१ डिसें.
भाग ३ ची तालीम. भोंदू पकडला की भुताच्या आवाजातून साध्या आवाजात यायचं, हसत. जमेना. चारदा, पाचदा...
वै. म्हणाली, "सर, हसताय तेपण आत ओढून."
मला कळलं नव्हतं.

२३ डिसें., पेठ
कासराभर दिवस उरला असताना पोचलो. मेंढरं नुकतीच जाळीच्या कुंपणात घेतलेली, पाठ करून रवंथ करत बसलेली. ठरवून गेलो होतो: साध्या आवाजात सांगायचं, निर्णय तुमचा, गेलेल्या माणसाला विचारू नका. ह्यावर किती फड गाजवले.
"हौसाबाई," एवढंच म्हणालो. अख्खा कळप उठला.
मी श्वास सोडत बोललो होतो. नक्की.
बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या दिवशी माझ्यासमोर केला नव्हता. "बोला," म्हणाल्या.
मेंढरं जाळीशी. माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या थोडं मागे. मागे ऊस. वळलो नाही.
वाक्य तयार होतं. तोंड उघडलं, आणि श्वास आत यायला लागला. मी ओढत नसताना.
तोंड मिटलं. हातानेच खूण केली, दोन बोटं: परवा.
"परवा सकाळी मेंढरं न्यायला टेम्पो येनार हाय," बाई म्हणाल्या. म्हणाल्या त्याही माझ्या मागे बघत.

२४ डिसें.
वैशालीचे फोन. उचलले नाहीत.
उद्या टेम्पोच्या आधी पोचायचं. काय सांगायचं ते पाठ आहे. आज दिवसभर तोंड उघडलेलं नाही.