परमुलखातली मोटार

२ डिसेंबर १९७३, रविवार
औंध सोडून सांगलीला नोकरीसाठी आलो, तेव्हापासून परमुलखातच राहतो आहोत. परक्या गावात जुनी गाडी घ्यायची म्हणजे सावध राहायला हवं. निश्चय: कुणाला काही विचारायचं नाही. सगळं कळतं असाच चेहरा ठेवायचा.
बायको, विजयमाला, म्हणाली, आधी चालवायला तरी शिका. तिला सांगितलं, सायकल येते. बॅलन्स तर मोटारीत लागतही नाही.

९ डिसेंबर
कुपवाडला बशीरभाईंकडे काळी मॉरिस पाहिली. त्यांच्या वडिलांचा धंदा बैलांचा, यांचा मोटारींचा. डावं दार सुतळीने बांधलंय. चोराची भीती नाही. बॉनेटपाशी बराच वेळ गंभीरपणे उभा राहिलो.
भाव विचारला, तर बैलबाजारात बोटांच्या खुणेने भाव ठरवतात तसा माझ्या हातावर टॉवेल टाकून आत बोटं दाबायला लागले. काही कळेना. चार माणसं बघत होती, विचारणार कसं? शेवटी गुदगुल्या झाल्या, हात काढून घेतला. बशीरभाई हसले, चहा मागवला. सौदा पक्का! माझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

१० डिसेंबर
आईला कार्ड टाकलं. मोटार घेतली. नाताळच्या सुट्टीत येतो, तुला मोटारीतून यमाईच्या दर्शनाला नेतो.

१७ डिसेंबर
आईचं उत्तर. शेजारणीकडून लिहून घेतलंय. मोटारीसाठी गोठा रिकामा करून सारवला. म्हैस बाहेर लिंबाखाली बांधली. थंडी लय हाय, पर हुईल तिला सवय. साऱ्या गल्लीला सांगून झालंय.
वाचून भरून आलं. ड्रायव्हिंग उद्यापासून.

२३ डिसेंबर, रविवार
अंदाजाने पैसे आणि गाडीसाठी हार घेऊन कुपवाडला गेलो. मॉरिस नाही! तासगावच्या एका बागायतदाराने नेली.
बशीरभाई म्हणाले, आवं, टॉवेलातनं तुमीच हात काढून घेतला न्हवं? म्हंजी सौदा मोडला. मी राग धरला न्हाई, उलट च्या पाजला.
मी म्हणालो, ते मला माहीत आहेच. दुसरी गाडी नव्हती. हार तिथल्या एका ट्रॅक्टरला घालून परत आलो.

२५ डिसेंबर, औंध
एस्टीने आलो. गाडी रंगवायला दिली आहे, हे वाक्य वाटेत पाठ केलं होतं.
आई नवं लुगडं नेसून दारात उभी. माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे तिने एकदा पाहिलं. ते वाक्य तसंच ठेवलं आणि वाकून तिच्या पाया पडलो. फार लाज वाटली.
तीच म्हणाली, येष्टीनं आलास व्हय? बरं झालं बाबा. म्हशीला लय थंडी वाजत हुती.
म्हैस मीच आत नेली. गोठ्याच्या दाराला मोटारीसाठी झेंडूचं तोरण होतं, ते तिने जाता जाता ओढून खाल्लं. मी खाऊ दिलं.