वाऱ्याच्या वाटेतलं डबर

विंचूर, १७ जानेवारी २००४

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या झुंबरचं डोकं (ते दुखत नाही, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो). गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? पंचवटीत रिक्षांचा धूर फार, म्हणून काळजी वाटते. हातभर बांधावरून आपलं बोलणं बंद झाल्याला सहा वर्षं झाली, त्यामुळे तब्येतीच्या चौकशा जरा तुंबल्या आहेत. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. शिवाय संक्रांत परवाच झाली, गोड बोलण्याची मुदत अजून चालू आहे.

तर दादा, आपल्या शेतात वारा मोजतात! पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतल्या डॉक्टर मोहिनी मॅडम (इंजेक्शनवाल्या नव्हेत, हवेच्या) डिसेंबरात सपाट, सलग गहू शोधत आल्या. वारा यंत्रापर्यंत येताना तीनशे पावलं गव्हावरूनच आला पाहिजे, मध्ये झाड नको, भिंत नको. कारण पिकावरून वारा सरळ चालत नाही, गिरक्या घेतो. त्या गिरक्यांवर बसून गव्हाचा घाम वर जातो, आणि तो मोजला की पिकाला पाणी किती लागतं ते कळतं. (हे मी हल्ली टपरीवर कोणालाही समजावून सांगतो. लोक अर्धा चहा टाकून जातात.) हिवाळ्यात वारा उगवतीचा, म्हणजे यंत्र माझ्या शेतात मावळतीच्या टोकाला आणि वाऱ्याची वाट तुमच्या शेतातून. मॅडमनी विचारलं, सगळं एकाच मालकाचं का? मी हो म्हणालो. तुमचा वाटेकरी बुधा शेजारीच होता, त्याला ठसका लागला. बांधावरची शेवरी आड येत होती, ती मी त्याच दिवशी तोडली (तुमचा गहू दिसू नये म्हणूनच लावली होती; यंदा चांगला आहे, पोटरीत आलाय).

यंत्राचा खांब उभा करायला दोन दिवस गेले. तीन बाजूंनी तारांचे ताण, चार-चारदा पाणसाळ लावून खांब सरळ आहे का ते बघणं. वर यंत्र म्हणजे समोरासमोर बोटांएवढ्या दांड्यांच्या तीन जोड्या. त्या एकमेकींकडे आवाज फेकतात, आपल्याला ऐकू येत नाही, आणि वारा तो आवाज किती ढकलतो ते सेकंदाला दहा वेळा टिपून ठेवतात. त्याचं तोंड उगवतीला हवं. मी कौतुकानं नेमका त्या तोंडासमोर उभा राहायचो आणि मॅडम मला बाजूला करायच्या. आमची वत्सला म्हणाली, मी तीस वर्षं हेच सांगतेय, पण माझ्याकडे यंत्र नव्हतं.

मॅडम पुण्याला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी वारा सुटला. एवढं महागाचं यंत्र, तेही पाहुणं, थरथरायला लागलं. मला बघवेना. मग द्राक्षाच्या नव्या रोपांना करतो तसंच केलं. बांबू रोवून उगवतीच्या अंगाला वत्सलाच्या अकरा साड्या आडव्या बांधल्या. यंत्र कसं शांत झालं. चौथ्या दिवशी मॅडम नोंदी उतरवून घ्यायला आल्या, तर विंचूरचा वारा तीन दिवस बंद! त्यांनी साड्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, आपल्याला वारा मोजायचाय. अडवायचा नाही." मी साड्या सोडल्या. वत्सलानं त्या मोजून घेतल्या.

तशातच मॅडमना तुमच्या शेतात नुकतंच टाकलेलं दगडांचं डबर दिसलं, आणि चुन्याच्या फक्कीनं आखलेला पाया. बुधानं सांगून टाकलं, "ह्ये शेत दादांचं हाय, मॅडम. मार्चात रिटायर झाले का इथं घर बांधनार हायेत." माझं खोटं उघडं पडलं, त्याचं एवढं नाही. पण मॅडम म्हणाल्या, घर उठलं तर वारा त्याच्यावर आपटूनच येणार, मग तीन वर्षांचं काम इथे होणार नाही, खांब दुसऱ्या गावाला न्यावा लागेल. दादा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्या शेतातून आजवर लोकांनी माल नेला. शिकून कोणी काही नेलं नव्हतं. खांब गेला तर मला फार वाईट वाटेल. पण ते असो. तुम्हाला कळवण्यामागे काही हेतू नाही, सहज लिहिलं.

वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
झुंबर

ता. क. घर बांधू नका असं मी म्हणत नाही. तुमच्या घराविरुद्ध ग्रामपंचायतीत जो निनावी अर्ज गेला होता, तो माझाच. काल सही करून मागे घेतला, त्यामुळे आता तो कोणाचा होता हे साऱ्या गावाला कळलं.

ता. क. २. मॅडमना विचारून घेतलं आहे. खांबाच्या मागे, मावळतीला, साठ पावलं सोडून घर आलं तर गव्हाच्या हंगामात वाऱ्याचं काही अडत नाही. मावळतीला माझी विहिरीजवळची जागा आहे. वाटणीत तुम्ही मागितली होती, तीच.

ता. क. ३. तिथे पाच गुंठ्यांवर आज फक्की मारली. बुधानं तुमचं डबर हलवायला घेतलं आहे, त्याला रागावू नका, मीच सांगितलं. दार कोणीकडे हवं ते तुम्हाला विचारायचं राहिलं, म्हणून आमच्या दाराकडे तोंड करून आखलं आहे.