मोठ्याने म्हणायचा नंबर

नॉर्थॅम्प्टन,
शनिवार, १९ जुलै २००३

ती. हिल्डाताईस,

विनीचा गालाला गाल लावून नमस्कार. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा त्याला मानवेल म्हणून तू व्हिटबीला जाऊन राहिलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि दर पत्रात गुडघा आहे तसाच आहे. तेव्हा त्या हवेने नेमकं केलं काय, ते एकदा कळव. मांजर बरं आहे ना? मी अगदी ठणठणीत. अक्षर जरा वेडंवाकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय तोकडा झालाय, लिहायला बसलं की डुगडुगतं. (क्लाइव्हला तीनदा सांगितलं. पण माझा मुलगा पडला विमा कंपनीतला. टेबल कसं कसं कोसळू शकतं हे तो तासभर सांगेल, पायाखाली पुठ्ठा काही सरकवणार नाही.)

तर इकडे काय झालंय, आमच्या गावावर एक प्रयोग चाललाय. सगळा देश सोडून नेमके आम्हीच सापडलो. दुकानात कार्ड दिलं की आता सही करायची नाही, एका छोट्या यंत्रावर चार आकडे दाबायचे. त्याला पिन म्हणतात. मे महिन्यात हार्गेटच्या दुकानात दाराशी एक बाई पाटीला कागद लावून उभी होती, येईल त्याला विचारत होती, सही बरी की पिन बरा? मी तिला वीस मिनिटं सोडली नाही. म्हटलं, बाई, सही म्हणजे माणसाचा चेहरा, आकडे कैद्यांना देतात. माझ्या डब्ल्यूच्या गाठीवरून शाळेत बक्षीस मिळालंय हेही सांगितलं. (मिळालं होतं तुला, ठाऊक आहे. पण तू व्हिटबीला.) माझ्या मागे टेबट होते, बुटाच्या कारखान्यातले, माझ्या स्टॅनचे दोस्त. ते म्हणाले, सही कोण बघतंय, मी वर्षभर आमच्या कुत्र्याच्या नावाने सही करतोय, कुणी हूं की चूं केलं नाही. त्या बाईने तेही लिहून घेतलं.

आता खरं सांगते, टेबटांची सही कुणी बघत नव्हतं, पण माझी बघायला लागले होते. फेब्रुवारीत गल्ल्यावरच्या मॉरीनने (वीस वर्षं ओळखते मला, तिच्या लेकीच्या बारशाला मी टोपी विणली होती) माझी सही पाहिली, कार्ड उलटं करून मागची सही पाहिली, आणि बाई, पुन्हा एकदा करता का, म्हणाली. पुन्हा केली. ती पहिलीपेक्षा वेगळी. तिसरी त्याहून वेगळी. मग घंटी वाजली, साहेब आला, रांगेतली माणसं छताकडे बघायला लागली. दोष सगळा दुकानाच्या पेनाचा, दोरीला बांधलेलं असतं ना ते. पण मी घरी आले आणि कोट न काढता पायरीवर बसून रडले. हो, रडले, त्यात काय. त्यानंतर चार शुक्रवार गेलेच नाही, डब्यातलं सूप पीत राहिले.

क्लाइव्हला हे कळलं. (शुक्रवारच्या रांगेतल्या आयव्ही लेब्रमने सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही.) तो म्हणाला, आई, कार्ड माझ्याकडे दे, शनिवारी तुझं सामान मी आणून टाकत जाईन. किती गुणाचं पोर, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. एकदा आणलं होतं त्याने: चहा भलताच, बिस्किटं साखर नसलेली, आणि मासे सोनेरी चुऱ्यात घोळवलेले, लहान मुलांचे. पण चहाचं सोड. ताई, स्टॅन गेल्यापासून आठवड्यात एकच दिवस मी लिपस्टिक लावते, तो शुक्रवार. बस, दुकान, मॉरीन, रांगेतल्या चार जणींच्या चार तक्रारी, मग चहा. तो गेला की उरतं काय, खिडकी. मला माझा शुक्रवार हवा होता, दुसरं काही नको होतं.

म्हणून पिनचं पाकीट आलं तेव्हा त्या पाटीवाल्या बाईला दिलेलं सगळं भाषण मी गिळलं आणि गुपचूप बँकेत गेले. तिथे म्हणाले, भिंतीतल्या यंत्रात आपल्या पसंतीचा आकडा घालता येतो. पण वाढदिवस नको, घरनंबर नको, कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, आणि आयुष्यात विसरायचा नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी न विसरण्यासारखा आकडा माझ्याजवळ एकच. कळलं ना कुठला? सहकारी भांडारातला आईचा सभासद नंबर. स्टॅनचा सैन्यातला नंबर विसरले, स्वतःच्या लग्नाची तारीख दरवर्षी विचारावी लागायची, पण तो नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेन. तो होता पाच आकडी आणि यंत्राला हवे चार, म्हणून शेवटचा आकडा कापला. कापताना आईची मनातल्या मनात माफी मागितली.

इथवर सगळं छान. पण तो नंबर आपण शिकलो कसा, हे मी विसरले होते. आठव जरा. हातात पिशवी, फरसबंदीच्या एकेका चौकोनावर एकेक आकडा म्हणत उडी, आणि काउंटरशी टाचा उंचावून, मान वर करून, खणखणीत आवाजात सगळा नंबर. पुटपुटलं तर दुकानदार म्हणायचा, मोठ्याने! चुकलं तर खरेदी चढायची शेजारच्या पेटिफरांच्या नंबरावर आणि आपला वर्षाचा लाभांशही त्यांच्याच नावावर, म्हणजे दिवाळं, म्हणजे नवे बूट नाहीत. (बाबा जन्मभर लोकांचे बूट शिवत होते आणि आपल्याला बूट मिळायचे त्या लाभांशातून, हे मी क्लाइव्हला सांगते तर त्याला खरंच वाटत नाही.) तू माझ्या मागे उभी असायचीस. मी अडखळले की पाठीला बोट लावून हळूच पुढचा आकडा सांगायचीस.

तर पहिल्या शुक्रवारी मॉरीनने यंत्र पुढे केलं. मी टाचा उंचावल्या, मान वर केली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा माझा पिन म्हटला. पाचही आकडे! थंडगार मटारांच्या पेटीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. टेबट मागून म्हणाले, विनीबाई, आता बँकेचं नावही सांगा आणि घराची किल्लीही देऊन टाका. मला कळेचना लोक का हसतायत. दुसऱ्या शुक्रवारी ओठ घट्ट मिटले, तर बोट हवेत तसंच! आवाज बंद केला की आकडे येतच नाहीत, अगं. जिभेवर आहेत, बोटात नाहीत. शेवटी पुन्हा मोठ्याने म्हटला, तेव्हा कुठे पैसे गेले.

आयव्हीने अर्थातच क्लाइव्हला फोन केला. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि विम्याच्या आवाजात म्हणाला, आई, तू भर दुकानात चोरांना आमंत्रण देतेयस. येत्या शुक्रवारी मी सोबत येतो. नंबर मनातल्या मनात म्हणून दाबलास तर कार्ड तुझं. नाही जमलं तर माझ्याकडे द्यायचं. मी म्हटलं, बरं. आठवडाभर साबणाच्या डबीवर मुक्याने दाबायचा सराव केला. साबणाच्या डबीवर फार छान जमत होतं.

काल तो शुक्रवार होता. निळी टोपी, लिपस्टिक, सगळं केलं. क्लाइव्ह शेजारी टोपली धरून उभा. मी तोंड बंद ठेवून दाबलं, यंत्र म्हणालं चूक. पुन्हा दाबलं, पुन्हा चूक. मॉरीन अगदी हळू म्हणाली, विनी, आता एकदाच हं, नाहीतर कार्ड बंद पडेल. आणि क्लाइव्हने हात पुढे केला. रागाने नाही, फार मायेने, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा. ताई, मी कार्ड देणारच होते.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. खणखणीत. आयव्ही लेब्रम, नाक वर करून, एकेक आकडा तोडून म्हणत होती. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण तो नंबर माझा नव्हता, तिच्या आईचा होता, भांडारातला! मग टेबट सुरू झाले, आईचा आणि वर आजीचा. मग त्यांच्या मागची, मग तिच्या मागची. शुक्रवारी सकाळी हार्गेटमध्ये सत्तरीच्या आतलं कोणी नसतंच. सगळी रांग टाचा उंचावून आपापल्या मेलेल्या आयांचे नंबर ओरडून म्हणत होती. त्या गदारोळात मीही माझा म्हटला, पोटातून, मोठ्याने. कोणाला ऐकू गेला असेल तर शाबास त्याची. बोटं आपोआप पडली आणि यंत्राने पावती काढली. (तेवढ्यात सगळे एकदम थांबले, आणि माझा उरलेला पाचवा आकडा तेवढा शांततेत ऐकू गेला. त्याने काही बिघडत नाही.)

क्लाइव्हने पिशव्या गाडीत ठेवल्या, आणि मग विचारलं, आजी त्या दुकानातून काय काय आणायला सांगायची? घरी येईपर्यंत मी सांगत होते. उतरताना कार्ड त्याने स्वतःच माझ्या पर्समध्ये टाकलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप, मांजराला माझ्यातर्फे एक माशाचा तुकडा.

तुझी धाकटी,
विनी

ता. क. ती पाटीवाली बाई काल पुन्हा भेटली. मत बदललं का, म्हणाली. मी म्हटलं, पिन उत्तमच, कुणाला काही कळत नाही.

ता. क. नंबर या पत्रात लिहिलेला नाही, बँकेची मनाई आहे. तुला पाठ आहे तो आहेच. बँक म्हणते माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नसावा. बँकेला बहीण नसणार.

ता. क. टेबलाचे चारही पाय चांगले आहेत. पेनही चांगलं होतं. दोष हाताचा आहे, ताई. जानेवारीपासून. क्लाइव्हला बोलले नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय आणि मला एकटीने जायचं नाही. तुझ्या रेल्वेगाडीचं तिकीट मी काढते, पिन दाबून. ये ना.

ता. क. ईस्टरला फोनवर तू मला दोनदा आईच्या नावाने हाक मारलीस. मी काही म्हटलं नाही. नंबर आठवत नसला तर त्या भीतीने यायचं टाळू नकोस. गुरुवारी डॉक्टर झाले की शुक्रवारी दुकानात जाऊ. या खेपेला तू पुढे उभी राहा. मी मागे असेन.