साक्षीदार, श्री बिरोबा

आबा, तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि दिवाळीच्या आधीपासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की समोर असतात तर बोललेच नसते.

भावानं तळेगावचं घर विकायला काढलंय. रस्त्यालगत आहे, गोडाऊनवाल्यांना हवंय. "आईला पुण्याला घिऊन जातो," म्हणतो; तिथं त्याच्याच पोरांना झोपायला जागा नाही. हे ऐकलं आणि आईनं पेटीतून तुमचं मृत्युपत्र काढलं. घर तुमच्या स्वतःच्या कमाईचं, ते सगळं तुम्ही आईला लिहून ठेवलेलं. अक्षर तुमचं, सही तुमची. मी खुशीत तो कागद घेऊन शिरूरला वकिलांकडे गेले. त्यांनी तो उलटापालटा केला, कागदावरचा देवाचा भंडारा बोटाला लागला तो रुमालाला पुसला आणि विचारलं, "ताई, साक्षीदार कुठायत?" खाली तुम्ही लिहिलं होतं : साक्षीदार, श्री बिरोबा.

काय हे, आबा! अख्ख्या गावाच्या वाटण्या तुम्ही केल्यात. मला अजून दिसतं, तुम्ही बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसलाय, दोघं चुलतभाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आलेत. तुम्ही भंडारा पुढं करता. "उचला. आता देव मधी हाय." झालं, वाद मिटला. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. मान्य. पण वकील म्हणाले, मृत्युपत्राला दोन माणसं लागतात, तुम्हाला सही करताना पाहिलेली, वेळ आली तर कोर्टात येऊन सांगणारी. स्टॅम्पसुद्धा लागत नाही. साधा कागद आणि दोन माणसं! आपल्या ओट्यावर रोज चहाला पाच-दहा जण असायचे. त्यातल्या दोघांना सही करा म्हणायला तुमची जीभ का रेटली नाही? पोरावर विश्वास नाही असं गावाला दिसेल म्हणून? दिसू द्यायचं होतं!

आता तो कागद असून नसल्यासारखा. घर आईचं, भावाचं, माझं, सारख्या वाट्यानं. भावानं आईला गाडीत घालून नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. तिचा वाटा गेला. मी तिच्यावर ओरडले तर म्हणते, "पोटच्या पोराला न्हाई कसं म्हणू गं?" मग तो माझ्याकडे केडगावला आला.

"आक्का, समद्याच बहिणी हक्क सोडत्यात. तू बी सोड."

"आई हाय तवर न्हाई. आबांनी काय लिव्हलंय ते वाचलंस ना?"

"वाचलं. पर ते कायद्यात बसत न्हाई ना."

हे म्हणताना त्याला जराही लाज वाटली नाही, याचाच मला जास्त संताप आला. चहा तसाच ठेवून तो उठला.

माझ्या सहीशिवाय गिऱ्हाईक पुढं येत नाही, म्हणून आई अजून त्या घरात आहे. माझं चुकलं असं मला वाटत नाही, कधी वाटणारही नाही. हे काही मी कुठं पाठवणार नाही, तेव्हा एक सांगते. परवा भाऊबीज झाली. तो येणार नाही हे माहीत असूनही मी ओवाळणीचं ताट मांडलं, आणि बाहेर गाडीचा आवाज झाला की, आबा, प्रत्येक वेळी दारात जाऊन बघितलं.