मार्गदर्शक सरांचे मेसेज

ठकू,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. तुझा फोन मी नेला आहे. रागाने नाही, पोलिसांना दाखवायला.

विमान दुरुस्ती शिकवणारं ते ॲप मीच निवडलं. फुकट होतं, लोकांनी वाहवा केली होती, तेवढ्यावर भुलले. ते कोण चालवतं, त्यात अनोळखी माणसं मुलांशी बोलू शकतात का, काहीच पाहिलं नाही. परवा तू म्हणालीस, "आई, ॲपवरचे ते मार्गदर्शक सर सारखा माझा फोटो मागतात." मी कपडे वाळत घालता घालता म्हणाले, "शिकवतात ना? मग नीट बोल त्यांच्याशी." काल तूच फोन हातात दिलास. ते मेसेज वाचले तेव्हा कळलं, तू परवा काय सांगत होतीस.

फोटो पाठवला नाहीस. माझ्यापेक्षा शहाणी निघालीस गं.

तुझं काहीही चुकलेलं नाही. बाबांना सगळं सांगितलंय, ते आज घरीच आहेत.

विमानांचं शिकणं सोडायचं नाही. दुसरं ॲप आपण तिघं बसून शोधू, ज्यात अनोळखी कुणी तुला मेसेज करू शकणार नाही असं. आणि त्यातलंही काही तुला खटकलं, तर आधी ते बंद करू. का खटकलं, ते मी नंतर विचारीन.

आई