सुयशरावांनी केलेली सर्व्हिसिंग

पिशोर, बुधवार

राजमान्य राजश्री सुयशराव यांस,

मीनाक्षीताईचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तमच असणार. काम अर्धं टाकून पळणाऱ्याचं रक्त कायम खेळतं राहतं म्हणतात. माझ्या भावजयीच्या, तनुजाच्या गुडघ्याला उतार पडला का? इथं मी बरी आहे, म्हशी बऱ्या आहेत, शेजारचा माऊली लंगडतोय. तो का लंगडतोय हे कळवायलाच हे पत्र. (फोन केला असता, पण फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं सांगता येत नाही.)

शेंद्र्याच्या कारखान्यात तीनशे माणसं हाताखाली वागवणारा माझा धाकटा भाऊ नानांच्या जुन्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग करणार, म्हणून रविवारी मी पुरण घातलं. तू आलास, पांढरे हातमोजे चढवलेस, लॅपटॉप मडगार्डवर ठेवलास (त्यावर कोंबडी बसली, तो भाग सोडून देते) आणि मॅग्नेटो खोलून काढलास. प्लगला ठिणगी पुरवणारा तो डबा काढायच्या आधी खडूनं खूण कर, असं मी म्हटलं, तर तू हसलास. "ताई, हे सगळं डोक्यात असतं!" असेल बाबा. पण ते डोकं चार वाजता तू गाडीत घालून घेऊन गेलास आणि मॅग्नेटो कसाबसा बसवून इथं ठेवलास. इंजिन सुरू करून बघायलाही थांबला नाहीस. शिवाय जाताना डबाभर पुरणपोळ्या नेल्यास.

सोमवारी ट्रॅक्टरला कुट्टीयंत्र जोडून कडबा कापायचा होता. माऊलीनं हँडल मारलं. ठिणगी इतकी लवकर पडली की हँडल उलटं फिरलं आणि तो नव्वद किलोचा गडी उडून कडब्याच्या गंजीत पडला. जिद्दीचा माणूस, उठून परत मारलं. या वेळी इंजिन पेटलं, पण त्याचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरनं अंगच काढून घेतलेलं. तू बसवलेली त्याची दांडी जागची हलेना आणि इंजिनाचा आवाज चढतच चालला. ट्रॅक्टर जागच्या जागी उड्या मारायला लागला. धाकट्या म्हशीनं खुंटा उपटला आणि ती शाळेच्या आवारात शिरली. मी हाताला लागली ती सोलापुरी चादर इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात कोंबली, तेव्हा कुठं अर्धी चादर गिळून ते गप्प झालं. माऊली मग खाली बसला तो बसलाच. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तू एवढं केलंस. न घेता किती केलं असतंस!

शेवटी मी गयासभाईंच्या दारात गेले. नानांच्या वेळेपासून या इंजिनाला त्यांचाच हात. दिवाळीत तू त्यांच्या तोंडावर म्हणाला होतास, "अंगठ्यानं टायमिंग बघता? ही काय नाडीपरीक्षा आहे?" तेव्हापासून ते आपल्या वाड्याकडं फिरकले नव्हते. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. इथं आल्यावर मात्र म्हणाले, "मीनाबाई, हाथां हैं, आँखां नै रहे. दोनों में मोतिया. मैं बोलता, तुम करो."

सुयश, नानांनी मला, मुलगी म्हणून, त्या हँडलला कधी हात लावू दिला नाही. तू सहा वर्षांचा असताना सीटवर बसायचास आणि मी चहा घेऊन बांधावर उभी असायचे. एकसष्टाव्या वर्षी पदर खोचला. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला. गयासभाई हँडल हळूहळू फिरवत होते. "हवा ढकलती क्या?" "नाय." "अब?" एकदम अंगठा उडाला. "हौ, येईच!" मग फ्लायव्हीलच्या जड चाकावरची खूण जुळवली. मॅग्नेटोच्या आतली फट मोजायला पत्ती सापडेना, तर त्यांनी जाड कागद मागितला, मी मडगार्डवर पडलेलं तुझं व्हिजिटिंग कार्ड घातलं. बरोब्बर बसलं. तुझ्या शिक्षणाचा या घराला झालेला हा पहिला उपयोग. मग मॅग्नेटो फिरवत नेला, आतून "टक" आवाज आला, गयासभाई म्हणाले, "बस, कस दो," आणि मी नट आवळले. गव्हर्नरच्या दांडीवरून त्यांनी बोटं फिरवली, काहीतरी सोडवलं आणि ते खिशात टाकलं.

हँडल मीच मारलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, त्यांनी सांगितला तसा. दुसऱ्या झटक्याला लागलं. कडबा घातला की इंजिन जरा दबायचं, लगेच सावरायचं. गयासभाई डोळे मिटून ऐकत बसले होते. म्हणाले, "नाना होते तो..." आणि तंबाखू मळायला लागले. मला धूर लागल्यामुळं डोळे पुसावे लागले.

असो. हातमोजे इथं राहिलेत, मी शेण काढायला वापरते.

तुझी अडाणी बहीण,
मीनाक्षी

ता. क. येत्या मंगळवारी गयासभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तुमच्या शहरात आहे. चार दिवस तुझ्याकडं राहतील. बस स्टँडवर स्वतः घ्यायला जा, ड्रायव्हरला पाठवू नकोस. आणि आधी दिवाळीची माफी माग.

ता. क. २. ते बोलघेवडे आहेत, चार दिवसांत सांगतीलच, म्हणून आधीच लिहिते. गव्हर्नरची दांडी तू बरोबर बसवली होतीस. मला ती सैल वाटली, म्हणून सोमवारी सकाळी मीच तिला तारेनं करकचून बांधलं होतं. माऊलीला हे माहीत नाही. तो तुझ्या नावानं बोटं मोडतोय, मोडू दे. त्याला तेवढाच आराम.